रास्पबेरी पाय आणि घरातले दोन टीव्ही: बोर्ड निवडण्यापासून अडकणारं चित्र सुटेपर्यंत

घरच्या हार्ड डिस्कवर लग्नाचे व्हिडिओ, मोबाइलने घेतलेली मुलांची शूटिंग्ज, विकत घेतलेल्या डिस्कच्या प्रती असं बरंच काही साठलेलं असतं आणि टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला की त्यातल्या निम्म्या फाइल्सवर 'फॉरमॅट चालत नाही' असा शेरा येतो. चित्र आलं तर आवाज नाही, आवाज आला तर मराठी सबटायटलच्या जागी चौकोन. हातात मावणारा रास्पबेरी पाय बोर्ड (म्हणजे एक छोटा संगणकच) आणि त्यावर कोडी हा व्हिडिओ प्लेअर चालवणारी लिब्रेइलेक ही फुकट प्रणाली मिळून यातल्या बहुतेक अडचणी सुटतात. बोर्ड चोवीस तास चालू ठेवला आणि सरासरी ४ वॅट धरले, तर महिन्याला तीन युनिटांच्या आतच वीज लागते.

पैसे खर्च करण्याआधी एक सांगायलाच हवं. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ यांसारख्या सेवा टीव्हीवर बघायच्या असतील, तर त्यासाठी पाय घेऊ नका. या सेवांचं संरक्षण करणाऱ्या वाइडवाइनची वरची पातळी या बोर्डावर मिळत नाही, त्यामुळे एचडीचे पैसे भरूनही चित्र बहुधा कमी दर्जाचंच मिळतं. त्या कामाला टीव्हीतलं अ‍ॅप किंवा साधी स्टिक बरी. पाय घ्यायचा तो स्वतःच्या फाइल्ससाठी.

दुसरी गोष्ट या सगळ्या मांडणीचा पाया आहे. फाइल जशी आहे तशी टीव्हीपर्यंत गेली पाहिजे. वाटेत तिचं दुसऱ्या फॉरमॅटमध्ये रूपांतर करायची वेळ आली की हे छोटे बोर्ड दमतात. पाय ५ मध्ये तर व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअरच नाही. म्हणून आपल्या फाइल्स कोणत्या कोडेकच्या (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीच्या) आहेत हे आधी बघायचं आणि मग बोर्ड ठरवायचा.

कोणता बोर्ड

लॅपटॉपवर मीडियाइन्फो हा फुकट प्रोग्रॅम टाका आणि आपल्या साठ्यातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या दहाएक फाइल्स त्यात उघडून बघा. 'व्हिडिओ'खाली एव्हीसी लिहिलं असेल तर ती एच.२६४, एचईव्हीसी असेल तर एच.२६५. शेजारचं रिझोल्यूशन आणि सेकंदाला किती फ्रेम हेही टिपून ठेवा.

सगळं एच.२६४ आणि १०८०पी पर्यंतच असेल तर जुना पाय ३ सुद्धा पुरतो. मात्र एच.२६५ हार्डवेअरमध्ये उलगडण्याची (डीकोड करण्याची) सोय त्यात नाही. हल्लीचे बरेच फोन मूळ सेटिंगमध्येच एच.२६५ मध्ये शूट करतात, त्यामुळे नव्या घरगुती व्हिडिओंना पाय ३ अडखळतो. पाय ४ (२०१९) हा या कामासाठी सगळ्यात समतोल बोर्ड आहे. तो एच.२६५ ४के ला ६० फ्रेमपर्यंत आणि एच.२६४ १०८०पी ला ६० फ्रेमपर्यंत हार्डवेअरमध्ये उलगडतो. पाय ५ (२०२३) मध्ये एच.२६४ चं हार्डवेअर काढून टाकलेलं आहे. त्याचा प्रोसेसर इतका वेगवान आहे की १०८०पी एच.२६४ तो नुसत्या सॉफ्टवेअरवर सहज चालवतो, पण त्याला पंखा लागतो आणि अडॅप्टरही महागडा लागतो. नुसतं टीव्हीला जोडायचं असेल तर पाय ४, २ जीबी रॅमचा घ्या. जास्त रॅमचा इथे उपयोग नाही.

यात एक खाचखळगा आहे, जो फार लोकांच्या लक्षात येत नाही: ४के एच.२६४. काही फोन आणि ड्रोन ४के शूटिंग एच.२६४ मध्येच करतात. पाय ४ चं एच.२६४ हार्डवेअर १०८०पी वर थांबतं, म्हणून हीच फाइल त्यावर धक्के खात चालते, आणि त्याहून मोठी एच.२६५ फाइल मात्र लोण्यासारखी. उपाय दोन. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'हाय एफिशिएन्सी' व्हिडिओ चालू करा, म्हणजे पुढचं शूटिंग एच.२६५ मध्ये होईल. जुन्या फाइल्स लॅपटॉपवर हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये एकदाच एच.२६५ करून घ्या. आरएफ (दर्जाचा आकडा) २० ते २२ ठेवलं तर टीव्हीवर फरक कळत नाही. रात्री लावून ठेवायचं काम आहे, पण ते एकदाच.

व्हीपी९ आणि एव्ही१ हे यूट्यूबचे ४के फॉरमॅट कोणताच पाय हार्डवेअरमध्ये उलगडत नाही. पायवर यूट्यूब बघायचं झालं तर १०८०पी एच.२६४ वर समाधान मानावं.

सामान

पाय ४ साठी ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा यूएसबी-सी अडॅप्टर. पाय ५ साठी ५.१ व्होल्ट, ५ अँपिअर. इथे काटकसर करू नका, कारण 'बोर्ड खराब निघाला' म्हणून येणाऱ्या तक्रारींमागे बऱ्याचदा अडॅप्टर किंवा वायरच असते. घरातला ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर पाय ५ ला लावला तरी 'वीज कमी' असा इशारा येतो, कारण असे चार्जर जास्त वॅट देतात ते ९, १५ किंवा २० व्होल्टवर; ५ व्होल्टवर ते ३ अँपिअरच सोडतात. मोबाइलच्या चार्जिंगची लांब, बारीक वायरही टाळा. तिच्यात व्होल्टेज पडतं, आणि ते साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पडद्यावर उजवीकडे वर विजेची खूण दिसते आणि प्रोसेसर आपला वेग कमी करतो. टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून बोर्ड चालवायचा विचार तर करूच नका. तिथे तेवढा करंट नसतो आणि टीव्ही बंद करताच बोर्डाची वीज जाते.

मायक्रोएसडी कार्ड ३२ जीबीचं, ए१ दर्जाचं, नावाजलेल्या कंपनीचं. बाजारात नकली कार्डं भरपूर आहेत, म्हणून विकत आणल्यावर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू चालवून क्षमता खरी आहे का ते तपासा. पाय ४ आणि ५ ला मायक्रो-एचडीएमआय लागतं. मूळ वायरच्या तोंडाला छोटा कन्व्हर्टर लावण्यापेक्षा एका टोकाला मायक्रो आणि दुसऱ्या टोकाला साधं एचडीएमआय असलेली सरळ वायर घ्या. कन्व्हर्टरच्या वजनाने पोर्ट सैल होतो. केस अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा, म्हणजे केसच उष्णता बाहेर टाकतो आणि पाय ४ ला पंख्याचा आवाज लागत नाही. ८० अंशांच्या पुढे बोर्ड स्वतःहून वेग कमी करायला लागतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात भिंतीला चिकटलेल्या टीव्हीच्या मागे हवा खेळत नसेल, तर प्लास्टिकच्या बंद केसमध्ये ही वेळ येतेच. बोर्ड टीव्हीच्या मागे न चिकटवता खालच्या कपाटाच्या उघड्या कप्प्यात ठेवा.

हार्ड डिस्क स्वतःचा अडॅप्टर असलेली हवी, किंवा ती अडॅप्टरवाल्या यूएसबी हबमधून जोडायची. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. फिरती डिस्क सुरू होताना जोराचा करंट ओढते आणि नेमकी तेव्हाच बंद पडते. 'डिस्क कधी दिसते, कधी गायब होते' याचं कारण हेच.

कार्ड तयार करणं आणि पहिली सुरुवात

लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर टाका. आधी बोर्ड निवडा, मग ऑपरेटिंग सिस्टमच्या यादीतल्या मीडिया प्लेअर विभागातून लिब्रेइलेक. पाय ३, ४ आणि ५ यांच्यासाठी लिब्रेइलेकच्या इमेज (कार्डावर उतरवायच्या तयार फाइल्स) वेगळ्या आहेत. चुकीची घेतली तर टीव्हीवर पुढे काहीच येत नाही.

कार्ड बोर्डात घाला आणि एचडीएमआयची वायर पाय ४ च्या वीजपोर्टला लागून असलेल्या पोर्टमध्येच लावा. ६० फ्रेमचं ४के याच पोर्टवर मिळतं आणि टीव्हीच्या रिमोटचे हुकूमही याच पोर्टवरून येतात. आधी टीव्ही चालू करून योग्य इनपुट लावा, मग बोर्डाला वीज द्या. पहिल्या वेळी बोर्ड कार्डावरची जागा वाढवून घेतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. त्या वेळात वीज बंद करू नका. नंतर विझार्ड येतो: यंत्राचं नाव, वाय-फाय, आणि सांबा (नेटवर्कवर फाइल्स खुल्या करण्याची सोय) व एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून बोर्डात शिरण्याची सोय) चालू करायचे का. यंत्राला 'हॉल' किंवा 'बेडरूम' असं ओळखू येणारं नाव द्या. सांबा चालू ठेवा, कारण दुसऱ्या टीव्हीपर्यंत फाइल्स त्याच्यामार्फतच जाणार आहेत. एसएसएच चालू करणार असाल तर मूळचा पासवर्ड लगेच बदला, तो सगळ्यांना ठाऊक असलेला आहे.

यापुढे वेगळा रिमोट लागत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयमधून रिमोटचे हुकूम पाठवण्याची सोय) चालू करा, की टीव्हीचाच रिमोट कोडीला चालतो. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय: सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. तरीही रिमोट चालला नाही तर टीव्ही आणि बोर्ड दोघांचीही वीज दोन मिनिटं भिंतीवरच्या बटणापासून बंद ठेवा.

कोडीतल्या चार सेटिंग्ज

सेटिंग्जच्या पानावर डाव्या कोपऱ्यात खाली पातळी दिसते, ती 'एक्सपर्ट' करा, नाहीतर पुढच्यातले काही पर्याय दिसणार नाहीत.

पहिली सेटिंग हलणाऱ्या चित्राची. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आपल्याकडचं टीव्ही प्रसारण आणि लग्नाचं शूटिंग बहुधा २५ चं, मोबाइलचं ३० किंवा ६० चं. टीव्ही मात्र ६० वर अडकलेला असतो. मग कॅमेरा आडवा सरकताना चित्र बारीक झटके देतं. 'प्लेअर'मधल्या 'व्हिडिओज'खाली 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' हे 'ऑन स्टार्ट/स्टॉप' करा. मग 'सिस्टम', 'डिस्प्ले' इथे रिझोल्यूशन १०८०पी च राहू द्या आणि 'व्हाइटलिस्ट'मध्ये टीव्हीला झेपणारे १०८०पी आणि २१६०पी (४के) चे सगळे दर टिकवा. मेनू १०८०पी मध्ये हलका राहतो आणि ४के फाइल लागली की टीव्ही आपोआप ४के वर जातो. फाइल सुरू होताना पडदा दोन सेकंद काळा होणं अपेक्षितच आहे.

पाय ४ वर व्हाइटलिस्टमध्ये ४के चे ५० आणि ६० दिसत नसतील, तर लॅपटॉपवर कार्डातली कॉन्फिग फाइल उघडून 'एचडीएमआय इनेबल ४केपी६०' ही ओळ घालावी लागते: रोमन लिपीत, सगळी छोटी अक्षरं, शब्दांमध्ये अंडरस्कोर, शेवटी बरोबरची खूण आणि १. फक्त सिनेमे बघणाऱ्यांना याची गरज नाही, ते २४ फ्रेमचेच असतात.

दुसरी सेटिंग आवाजाची, आणि सगळ्यात जास्त मनस्ताप हिच्यामुळे होतो. पार्श्वसंगीत मोठ्याने येतं आणि संवाद ऐकूच येत नाहीत, असं झालं की 'सिस्टम', 'ऑडिओ' इथे चॅनेलची संख्या बघा. टीव्हीचेच स्पीकर असताना ती ५.१ ठेवली तर मधल्या चॅनेलवरचे संवाद हरवतात. ती २.० करा. 'पासथ्रू' (आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवणं) फक्त होम थिएटर किंवा साउंडबार असेल तरच चालू करा, आणि त्याला जे फॉरमॅट खरोखर कळतात तेवढ्यांनाच टिक करा. बऱ्याच टीव्हींना डीटीएस हा आवाजाचा फॉरमॅट कळत नाही. पासथ्रू बंद असलं की कोडी स्वतः डीटीएस उलगडून साधा आवाज टीव्हीला देतो.

तिसरी मराठीची. फाइलींची देवनागरी नावं चौकोनांसारखी दिसत असतील तर 'इंटरफेस', 'स्किन' इथे फॉन्ट 'एरियल बेस्ड' करा. सबटायटलसाठी नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट कोडीच्या होम फोल्डरमधल्या 'मीडिया'तल्या 'फॉन्ट्स' फोल्डरात ठेवा (एसएसएच चालू करून विनएससीपी या फाइल पाठवण्याच्या प्रोग्रॅमने तो सहज टाकता येतो) आणि 'प्लेअर', 'सबटायटल्स' इथे निवडा. सबटायटलची फाइल युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेली हवी. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली सबटायटल्स आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात.

चौथी फाइलींच्या नावांची, म्हणजे सेटिंग नव्हे, शिस्त. प्रत्येक सिनेमाला स्वतंत्र फोल्डर, त्याचं नाव रोमन लिपीत आणि कंसात वर्ष. मराठी सिनेमांच्या बाबतीत वर्ष फार महत्त्वाचं, कारण त्याच नावाचा हिंदी सिनेमा आधी सापडतो आणि पोस्टर त्याचं लागतं. मालिकांच्या भागांना रोमन एस, दोन आकडी सीझन, ई, दोन आकडी भाग असा क्रम द्या. घरगुती व्हिडिओ या माहितीशोधात घालूच नका. त्यांच्या फोल्डरला 'कंटेंट' म्हणून 'नन' निवडा आणि नावं '२०१९ गणपती' अशी वर्ष आधी येईल अशी ठेवा.

दुसऱ्या खोलीतला टीव्ही

हॉलमधल्या पायला लावलेली डिस्क सांबा चालू असल्यामुळे घरच्या नेटवर्कवर आपोआप दिसते. बेडरूममध्ये दुसरा बोर्ड (१०८०पी टीव्हीला जुना पाय ३ चालेल, फक्त एच.२६५ ची अपेक्षा ठेवू नका) लावून त्यातल्या कोडीत व्हिडिओ सोर्स जोडायचा. 'विंडोज नेटवर्क' उघडून शोधत बसू नका, ते शोधणं एसएमबी१ या जुन्या नेटवर्क पद्धतीवर चालतं आणि बहुतेक वेळा रिकामंच येतं. त्याऐवजी 'अ‍ॅड नेटवर्क लोकेशन' निवडून हॉलच्या बोर्डाचा आयपी पत्ता आणि शेअरचं नाव हाताने लिहा. तो पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर बदलतो आणि सगळी यादी मोडते. डिस्कला आधीच एक लेबल देऊन ठेवा. बिनलेबलच्या डिस्कचा रस्ता कोडी लांबलचक आकड्यांनी लिहितो.

दुसऱ्या खोलीत स्मार्ट टीव्ही असेल आणि बोर्ड नको असेल, तर जेलीफिन हा सर्व्हर वापरा. त्यासाठी मात्र ४ जीबीचा वेगळा पाय ४ आणि त्यावर ६४ बिटची रास्पबेरी पाय ओएस लाइट लागते. फायदा असा की एका खोलीत अर्धवट पाहिलेलं दुसऱ्या खोलीत तिथूनच पुढे सुरू होतं. बसवल्यावर ब्राउझरमध्ये बोर्डाचा पत्ता आणि पोर्ट ८०९६ उघडा. लायब्ररी रिकामीच राहिली तर डिस्कच्या परवानग्या तपासा: जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या युझरखाली चालतो आणि आपल्या नावाखाली आपोआप जोडली गेलेली डिस्क त्याला वाचता येत नाही. डिस्क एफएसटॅब या फाइलमधून (सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) ठरावीक फोल्डरवर जोडा, आणि त्या ओळीत 'नोफेल' लिहायला विसरू नका, नाहीतर डिस्क काढलेली असताना बोर्ड सुरूच होत नाही.

मग प्रत्येक युझरच्या सेटिंगमध्ये व्हिडिओचं ट्रान्सकोडिंग (वाटेतलं रूपांतर) बंद करा आणि आवाजाचं चालू ठेवा. डीटीएस आवाज बदलून देणं पायला जड नाही, ४के चित्र बदलणं अशक्य आहे. ते बंद केल्यावर एखादी फाइल चाललीच नाही, तर ती टीव्हीला कळत नाही हे लगेच कळतं. चालू ठेवलं तर दहा सेकंदांनी एकदा हलणारं चित्र बघत बसावं लागतं. ब्लू-रेमधली चित्ररूपातली सबटायटल्सही व्हिडिओवर छापून पाठवावी लागतात, म्हणजे पुन्हा ट्रान्सकोडिंग. त्यांच्याऐवजी मजकुराची एसआरटी फाइल वापरा.

चित्र अडकतं तेव्हा

अडकलेल्या फाइलवर कीबोर्डवरून कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबा. डीकोडरच्या नावापुढे 'एचडब्ल्यू' दिसलं तर बोर्ड ठीक आहे, दोष नेटवर्कचा किंवा डिस्कचा. 'एसडब्ल्यू' असेल तर कोडेक बोर्डाच्या पलीकडचा आहे.

नेटवर्क तपासताना तीच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन थेट बोर्डाला लावा. तिथे नीट चालली तर दोष वाटेतला. ब्लू-रेच्या १०८०पी प्रतीला सेकंदाला २० ते ४० मेगाबिट लागतात, ४के डिस्कच्या मूळ प्रतीला काही दृश्यांत १०० च्या वर. स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट अजूनही १०० मेगाबिटचेच असतात, ते इथेच तोकडे पडतात. कॅट-५ई वायरीतली एक जोडी तुटली असेल तरी गिगाबिटची जोडणी गुपचूप १०० वर येते. वाय-फायच वापरायचं असेल तर ५ गिगाहर्ट्झ. यूएसबी ३ च्या डिस्कमुळे आणि तिच्या वायरीमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, म्हणून डिस्क लावताच वाय-फाय ढेपाळतं. लिब्रेइलेक १२ मध्ये असलेल्या कोडी २१ मध्ये 'सर्व्हिसेस', 'कॅशिंग' इथे मेमरी २० वरून १२८ एमबी केली तर छोटे झटके निघून जातात; सतत कमी पडणाऱ्या वेगावर मात्र याचा उपाय होत नाही.

टीव्ही नंतर चालू केला तर पडदा काळा, आणि बोर्ड पुन्हा सुरू केला की ठीक, असं होत असेल तर सुरू होताना बोर्डाला टीव्हीची माहिती मिळालेली नसते. एसएसएचने आत जाऊन लिब्रेइलेकची 'गेटईडीआयडी क्रिएट' ही आज्ञा (रोमन छोट्या अक्षरांत) टीव्ही चालू असताना एकदा दिली की ती माहिती कार्डावर कायम राहते. टीव्ही बदलला तर ती पुन्हा द्यावी लागते.

वीज अचानक गेली तर लिब्रेइलेक सहसा शाबूत राहतं, कारण त्याच्या मूळ प्रणालीचा भाग नुसता वाचण्यासाठी जोडलेला असतो. धोका डिस्कला असतो. एनटीएफएस डिस्क अशा वेळी फक्त वाचण्यापुरती जोडली जाते आणि नवीन फाइल टाकता येत नाही. ती विंडोजच्या लॅपटॉपला लावून चेकडिस्क चालवा. डिस्क कायम पायलाच राहणार असेल तर सुरुवातीलाच ती ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करणं शहाणपणाचं, पण मग ती विंडोजला थेट लावता येत नाही, फाइल्स सांबातूनच टाकाव्या लागतात. एफएटी३२ ठेवू नका, तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

सगळं जमल्यावर लिब्रेइलेकच्या सेटिंग्जमधून बॅकअप घ्या आणि ती फाइल कार्डावर न ठेवता डिस्कवर किंवा लॅपटॉपवर ठेवा. कार्ड गेलं तर नव्या कार्डावर इमेज टाकून हाच बॅकअप परत घेता येतो, आणि सोर्स, पोस्टर, पाहिलेल्याच्या खुणा सगळं जसंच्या तसं येतं.